विसाजी पोतनिसावरचा आळ

एका राज्यात खजिना मोजत नसत, तोलत. कारण असं की तो एका मांत्रिकाला मारून आणलेला, आणि मांत्रिक मरता मरता दोन शाप देऊन गेला. जो मोहरेला बोट लावून मोजेल, त्याचं बोट झडेल. आणि या द्रव्यापायी ज्याच्यावर चोरीचा आळ येईल, त्याचा शब्द, पाऊल की कसलाही आवाज त्याला चोर मानणाऱ्याच्या कानी पडणार नाही. पहिल्या शापाने दोन कारकुनांची बोटं गेली. दुसऱ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. देणार कोण? आळ दुसऱ्यावर येतो, अशीच सगळ्यांची समजूत.

मग राजाने पेटी बंद करून तराजूला टांगली आणि दुसऱ्या पारड्यात बरोबर तेवढाच उतरणारा एक काळा धोंडा शोधून ठेवला. बारा वर्षांनी पुन्हा तोलायचं ठरलं. पेटीची किल्ली आणि धोंडा सांभाळायला दिला विसाजीकडे. हा राजाचा पोतनीस, म्हणजे खजिन्याचा रखवालदार. मान खाली घालून काम करणारा माणूस, घरी सगुणा नावाची बायको. बारा वर्षांत त्याने पेटीचं झाकण उघडून पाहिलं नाही. मी असतो तर पाहिलं असतं, खोटं कशाला बोलू.

बारा वर्षं भरली, भर दरबारात तराजू टांगला. धोंडा खाली बसला, पेटी वर राहिली. सोनार पेटीच्या पारड्यात पळीने दुसऱ्या मोहरा टाकत गेला. तोल जुळला तेव्हा तीनशे मोहरा पडल्या होत्या.

"तीनशे मोहरा कुठे गेल्या?" राजाने विचारलं.

"पेटीतच आहेत, महाराज. मी एकही घेतली नाही," विसाजी म्हणाला.

राजा उत्तराची वाट पाहत राहिला. विचारतानाच त्याने मनात चोर ठरवून टाकला होता, त्याला ऐकू येणार कसं? दरबारालाही काही ऐकू आलं नाही, कारण राजाला जे वाटतं ते दरबाराला आधीपासूनच वाटत असतं. "ओठ हलतात, शब्द फुटत नाही," राजा म्हणाला. "येत्या अमावास्येला मोहरा आण, नाहीतर हत्तीच्या पायी जाशील. पळालास तर तुझी बायको जाईल." विसाजीचं पागोटं उतरवलं आणि त्याला घालवून दिलं.

वीस वर्षांची ओळख असलेल्या कारकुनांपाशी तो रस्त्यात थांबून बोलला, ते त्याच्या अंगावरून पुढे गेले. वाण्याने ऐकलं नाही, पुजाऱ्याने ऐकलं नाही. घरी आला तर सगुणेने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तुम्ही घेतल्या नाहीत. जेवा." त्या दिवशी तो ढसाढसा रडला.

परसातल्या पेरूवर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "मलाही ऐकू येतं. राजाच्या कानी तुझा शब्द पडला की दोन्ही शाप सुटतील. त्यासाठी तीन कामं आहेत. राक्षसाच्या विहिरीचं पाणी आण, नागाच्या बिळातली शिंपली आण, आणि तिसरी वस्तू तो तोलाचा धोंडा."

विसाजी निघाला. राक्षसाने एका घागरीसाठी सात दिवस जातं ओढायला लावलं, त्याने ओढलं. नागाने शिंपलीच्या बदल्यात आयुष्याची पाच वर्षं मागितली, त्याने दिली. वाटेत त्याचे केस पांढरे झाले. अमावास्येला तीन दिवस उरले असताना तो घरी परतला.

सगुणा ओसरीवर तांदूळ निवडत होती. तो अंगण ओलांडून आला, तिने मान वर केली नाही. त्याने हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली नाही, नुसता समोर जाऊन उभा राहिला. ती दचकली. "कधी आलात?" म्हणाली. मग त्याचे ओठ हलताना तिने पाहिले, आणि आपल्याला काय झालंय ते तिचं तिला कळलं. गाव महिनाभर एकच गोष्ट सांगत होतं, बाई एकटी होती. तिने पदर तोंडात कोंबला. विसाजी घागर घेऊन बाहेर पडला. आता सुटलो काय आणि हत्तीखाली गेलो काय, त्याला सारखंच वाटू लागलं. पण हत्तीनंतर सगुणेचं कोण, म्हणून तो चालत राहिला.

तिसरं काम सर्वांत सोपं निघालं. खजिन्याचे पहारेकरी दाराकडे पाठ करून उभे होते आणि त्याला पक्का चोर मानत, त्यामुळे कुलपाचा खडखडाटही त्यांना ऐकू आला नाही. जन्मात चोरी न केलेल्या माणसाने चोर नसल्याचं दाखवायला भरदुपारी चोरी केली. मणाचा धोंडा खांद्यावर घेऊन तो नदीवर आला.

"पाणी ओत, शिंपलीने खरवड," साळुंकी म्हणाली.

विसाजीचे हात थांबले. दर खंडेनवमीला कचेरीची हत्यारं पुजत, तसा हा धोंडाही पुजत. तेलात कालवून शेंदराचा एक हात द्यायचा, राजाने फूल वाहायचं. शेंदूर लागला की देव झाला, आणि देवाचा शेंदूर कोण खरवडतं? पण त्याने खरवडला. बोटभर जाडीचं कवच निघालं. बारा हात. प्रत्येक हात त्यानेच दिलेला. विसाजी वाळूत बसून हसला, आणि ते हसणं ऐकून साळुंकी उडून गेली.

अमावास्येला दरबारात हत्ती उभा होता. विसाजीने धोंडा पारड्यात ठेवला. पेटी आणि धोंडा समोरासमोर आले. कवच गाठोड्यात बांधून धोंड्यावर ठेवलं, धोंडा खाली गेला. काढलं, पुन्हा समोरासमोर. राजा सिंहासनावरून उठला, आणि त्याला अर्ध्यातून ऐकू आलं, "...दरवर्षी एक हात, महाराज. तुमच्या समक्ष."

सोनाराने भीत भीत मोहरांना बोट लावलं. बोट शाबूत राहिलं. मग पहिल्यांदाच सगळ्या मोहरा मोजल्या गेल्या. राजाने विसाजीला स्वतःच्या हाताने पागोटं बांधलं, शेला दिला, पालखी दिली. रस्त्याने लोक सांगू लागले की आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. कोडगे लेकाचे.

घरी सगुणेने ताट वाढलं होतं. विसाजी जेवायला बसला. ती समोर बसली, पण तिला त्याच्याकडे बघवेना.

"तीनच दिवस," ती म्हणाली. "शेवटचे तीनच दिवस मला तसं वाटलं हो."

"ठाऊक आहे," विसाजी म्हणाला.

ते तिला अगदी स्वच्छ ऐकू आलं.