पडद्याआडचा हात

पूर्वी एका बंदरावर विमलसेन राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्व तिथे न्यायासनावर बसत.

एकदा मरुवन नावाच्या पाणबुड्याला सभेत आणलं. बेटावरचा माणूस, काळाकभिन्न. व्यापाऱ्यांचा म्होरक्या नंदिसेन म्हणाला, "धक्क्यावर हा सुरा घेऊन माझ्या अंगावर आला. लोकांनी धरला तेव्हा सुरा पाण्यात पडला."

"शिंपला होता," मरुवन म्हणाला. "यांना दाखवायला नेत होतो."

शिक्षा होती उजवा हात तोडण्याची. सभेतल्या चारही म्हाताऱ्या पंचांनी नंदिसेनाकडे बघून होकारार्थी मान डोलावली.

"आम्ही माणसामाणसांत फरक करत नाही," त्यांतला थोरला म्हणाला. "पण दिसलं ते दिसलं."

असं बोलणाऱ्यांना तोवर कोणी तपासलं नव्हतं. बोधिसत्त्वांनी पडदा लावला. मागे मरुवन आणि गोरा द्वारपाल उभे केले. दासी उत्पलेला म्हणाले, "पापणी लवेल एवढाच वेळ पडदा उचल. एका वेळी एकच हात दिसू दे. हातात सुरा द्यायचा की शिंपला, ते तू ठरव. मलाही सांगू नकोस."

दहा वेळा पडदा उचलला. जे दिसलं ते प्रत्येकाने आपापल्या खापरीवर लिहिलं. बोधिसत्त्वांनीही लिहिलं.

"सुरा किती वेळा दिलास, उत्पले?"

"एकदाच, स्वामी. तोही द्वारपालाला."

पंचांनी खापऱ्या उपरण्याखाली सारल्या. थोरला पुटपुटला, "उजेड कमी होता."

"दोन्ही हातांवर सारखाच होता, आजोबा. दाखवणार नाही? मग माझी ऐका." बोधिसत्त्व वाचू लागले. "गोरा हात, शिंपला. काळा हात, सुरा. काळा हात, सुरा." त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. "मरुवन, तुला सोडवायलाच मी हा पडदा लावला. तरी माझ्या डोळ्यांनी, मला न विचारता, तुझ्या हातात सुरा दिला. तू मोकळा आहेस."

मरुवन जागचा हलला नाही. "याआधी आमच्या बेटावरच्या किती जणांचे हात तोडलेत?"

"सात," बोधिसत्त्व म्हणाले.

ते आसनावरून उतरले आणि त्या सात जणांच्या घरांच्या दारांशी जाऊन उभे राहिले. दोन घरांनी दार उघडलं नाही.

ही मागच्या जन्मीची गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली. त्या वेळचे पंच म्हणजे आज नव्या काळ्या भिक्खूची झोळी विहाराच्या दारातच झाडून बघणारे थेर, म्हणजे वडीलधारे भिक्खू. मरुवन म्हणजे तोच भिक्खू, सुमन. "आणि सात हात तोडणारा मीच होतो," शास्ता मान खाली घालून म्हणाले. त्या जन्मी त्यांनी जो गुण कमावला त्याचं नाव लाज. थेरांना ती अजून यायची आहे.