चार खोबणींची डबी

"उस्ताद, माणसाच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या, तर त्या परत कशा आणायच्या?"

दस्तगीर उस्तादांनी हातातली तापलेली सोल्डरिंगची सळई पत्र्यावर टेकवली आणि मान वर केली.

समोर नागनाथ उभा होता. याच दुकानात, याच उघड्या रेडिओंच्या ढिगाऱ्यात बसून तो तारेला तार जोडायला शिकला होता. आता बाजारपेठेच्या तोंडाशी त्याचं स्वतःचं सेवा केंद्र होतं. दारावर पाटी, पाटीवर नाव, नावाखाली तालुक्याला केलेल्या कोर्सचं नाव. सगळं गाव त्याला सर म्हणायचं. उस्ताद तेवढे अजून नागू म्हणायचे, आणि चारचौघांत ते त्याला जरा खुपायचंच.

"कुणाच्या झिजल्या?"

"माळावरच्या वाडीच्या. सगळ्यांच्याच."

"सगळ्यांच्या…"

"दहा दिवसांत सतरा माणसं परत पाठवलीत मी. दवाखान्याच्या कार्डाला अंगठा लागतो. यंत्रावर अंगठा जुळला तर कार्ड, नाहीतर नाही. त्यांचा जुळतच नाही. जन्मभर घायपाताचे दोर वळले, रेषा राहतील कुठनं? दहाच्या दहा बोटं लावून बघतो. एक म्हातारा तर मलाच विचारतो, मग मी मी न्हाई तर कोन?" नागनाथ हसला. "आता त्याला काय सांगायचं?"

उस्ताद हसले नाहीत.

"पेठेतल्यांचा जुळतो?"

"एका फटक्यात. गादीवर बसून तागडी धरणारी बोटं ती. मऊ."

"ते कधी येतात?"

"सकाळी. मी शटर उघडायच्या आधीच उभे."

"आणि वाडीवरचे?"

"दोन कोस चालत यायचं. पोचेस्तोवर बारा वाजून जातात."

"सकाळच्याला वाडीवरचं कुणी आलं होतं?"

नागनाथनं आठवून बघितलं. "नाही."

"दुपारी पेठेतलं?"

"असल्या उन्हात कोण येतंय, उस्ताद."

उस्ताद उठले, खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली आणि काठी चाचपली.

"कुठं निघालात?"

"तुझ्या दुकानात."

"केंद्रात," नागनाथ म्हणाला.

उस्ताद पुढं चालायला लागले होते.

केंद्राच्या पायरीवर ठकूबाई बसली होती. वाडीवरची म्हातारी, एकटा जीव. उजवा डोळा मागेच गेलेला, आता डाव्यावरही पडदा चढत चाललेला. परवा बेस्तरवारी शहरातल्या दवाखान्याची गाडी डोळ्याच्या आपरेशनची माणसं घेऊन जाणार होती. ज्याच्याकडं कार्ड, तो गाडीत. ज्याच्याकडं नाही, त्यानं पुढच्या वर्षीच्या गाडीची वाट बघायची. आज मंगळवार. चारच दिवसांपूर्वी नागनाथनं तिला हात हलवत परत पाठवलं होतं.

त्याची चाहूल लागताच ती उठली. उजव्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं.

"सर, आता जुळंल बगा. तुमी म्हनला व्हता न्हवं, घासून या."

तिनं फडकं सोडलं.



अंगठ्याचं सबंध पेर सोललेलं होतं. वरची कातडी कुठल्या कुठं गेलेली, खालचं लालभडक मांस पाझरत होतं. त्यावर चिमूटभर हळद दाबलेली.

"आजी, हे काय केलंत…"

"इटकरीनं घासला. म्हनलं, वरचं कातडं जुनं झालं, खालच्या कातड्याला रेगा असत्याल." तिनं डावा हात पुढं केला. "हेचं जमलं न्हाई, लई दुखाय लागलं. हेचं उद्या घासते."

साबणानं घासून या, असं म्हणालो होतो मी… साबणानं म्हणालो होतो का? नागनाथला आठवेना. रांग मोठी होती, मोबाइल वाजत होता, त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलंही नव्हतं.

उस्तादांनी ठकूबाईचा हात आपल्या हातात घेतला. मग तिला आत खुर्चीवर बसवलं.

आत टेबल होतं. टेबलावर जुना लॅपटॉप, त्याच्या वायर खोचायच्या तीन खोबणींतल्या दोन मेलेल्या, एक जिवंत. त्या एकीत नागनाथनं बाजारातली सव्वाशे रुपयांची डबी खोचली होती. हब म्हणतात तिला. एका खोबणीच्या चार करते. एकीत अंगठ्याचं यंत्र, दुसरीत कॅमेरा, तिसरीत नागनाथचा मोबाइल चार्जिंगला, आणि चौथीत एवढासा निळा पंखा. दुपारचं पत्र्याखाली बसवत नाही म्हणून तो नुकताच घेतलेला. बारा वाजले की लावायचा. आताही जातायेता हातासरशी त्यानं तो लावला, आणि पंखा त्याच्या कपाळावर वारा घालायला लागला.

"माझा बघ," उस्ताद म्हणाले, आणि आपला आधारचा नंबर तोंडपाठ सांगितला.

यंत्राच्या काचेत लाल उजेड होता. उस्तादांनी अंगठा ठेवला. यंत्रातली बाई बोलली:

जुळत नाही. पुन्हा ठेवा.

पुन्हा ठेवला.

जुळत नाही.

"बघा, मी म्हटलं ना," नागनाथ म्हणाला. "पन्नास वर्षं सोल्डरिंगनं भाजलेली बोटं तुमची. त्यांच्यासारखंच झालंय."

"आता तुझा."

"माझा?"

"तुझा."

नागनाथच्या ओठावर हसू आलं. रोज सकाळी याच अंगठ्यानं तो काम उघडायचा. आजही सकाळी नऊ वाजता उघडलं होतं. त्यानं नंबर टाकला, रुमालाला बोट पुसलं आणि ऐटीत काचेवर टेकवलं.

जुळत नाही. पुन्हा ठेवा.

त्यानं काच पुसली. पुन्हा ठेवला.

जुळत नाही.

आता त्यानं अंगठा जोरात दाबला, नखाचं टोक पांढरं होईपर्यंत.

जुळत नाही.

"उस्ताद…" त्यानं अंगठा वर धरला. "हा माझा अंगठा आहे."

उस्ताद वायरींकडं बघत होते.

"माझाच आहे हा."

खुर्चीवर बसलेली ठकूबाई आवाजाच्या रोखानं बघत होती. तिला यंत्र दिसत नव्हतं, पण त्यातली बाई काय बोलली ते ऐकू आलं होतं. तिला पोराची कीव आली.

"तुमी कवा दोर वळलं, सर?"

नागनाथनं टेबलाची कड धरली.

उस्ताद खाली वाकले. डबीवर बोट ठेवलं आणि एकेका वायरीवरून ते सरकवत नेलं. ही यंत्राची. ही कॅमेऱ्याची. ही मोबाइलची. ही पंख्याची. शेवटच्या वायरीवर बोट थांबलं. तेवढी उपटली. मग मोबाइलची उपटली.

पंखा गरगरत मंद झाला आणि थांबला.

काचेतला लाल उजेड वर चढला. कंदिलाची वात वर करावी तसा. एवढा उजेड त्या काचेत असतो, हे नागनाथ दुपारच्या वेळी विसरूनच गेला होता.

"ठेव."

त्यानं अंगठा ठेवला. टेकतोय न टेकतोय तोच हिरवी खूण आली.

उस्तादांचा भाजका अंगठाही दुसऱ्या खेपेला जुळला.

एका सेलवर चार बल्ब लावले तर चारही मिणमिणतात, हे नागनाथला ठाऊक होतं. कोर्सच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. दहा दिवस तो माणसांची बोटं उलटीपालटी करून बघत होता. डबीकडं एकदाही वळून बघितलं नव्हतं.

"आजी…" तो म्हणाला. "डावा हात द्या."

"हेला घासलं न्हाई आजून."

"तसाच द्या."

ठकूबाईनं दिला. दोर वळून वळून चकाकी आलेला तो अंगठा नागनाथनं फुलासारखा धरून काचेवर टेकवला. यंत्र क्षणभर थांबलं… आणि अंगठा जुळला.

प्रिंटरमधून कार्डाचा कागद बाहेर आला. नागनाथनं तो दोन्ही हातांनी तिच्या पदरात ठेवला. म्हातारीनं कागद चाचपला, डाव्या डोळ्याजवळ नेला, पुन्हा लांब धरला. मग आपल्या सोललेल्या अंगठ्याकडं बघितलं.

"मंजी…" ती हळूच म्हणाली. "हे घासायचं काय काम न्हवतं?"



पत्रा तापून तडतड वाजत होता. नागनाथच्या कपाळावरनं घामाचा ओघळ निघाला, गालावरनं हनुवटीला आला, आणि त्यानं तो पुसला नाही.

ठकूबाई कागद कनवटीला लावून उठली. काही रागावली नाही. तिला अजून दोन कोस चालायचं होतं. नागनाथ पाया पडायला वाकला, तर ती दचकून मागंच सरली. "नगा सर, असं करू नगा," म्हणाली आणि उन्हात निघून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर नागनाथनं ती डबी लॅपटॉपमधून हिसडून काढली आणि दाराबाहेरच्या गटारात टाकायला हात उचलला.

"ठेव खाली," उस्ताद म्हणाले.

"हिच्यापायी…"

"डबीनं चौघांना बसायला जागा दिली. चौघांना पोटभर जेवू घालीन, असं ती कधी म्हणाली होती?"

हात खाली आला. डबी टेबलावर राहिली.



"मोठा हब आणतो," नागनाथ म्हणाला. "भिंतीतनं वीज घेणारा असतो, तो."

"आण."

"आणि आत्ताच वाडीवर जातो. सतराच्या सतरा घरी. उद्या सकाळी गाडी करून घेऊन येतो सगळ्यांना."

"जा."

तो शटरपाशी गेला, आणि तिथंच थबकला. त्या सतरा माणसांची तोंडं आठवायला लागला, तर एकही आठवेना. आठवली ती नुसती बोटं.

"उस्ताद… सांगू काय त्यांना? यंत्र बिघडलं होतं, असं सांगू?"

दस्तगीर उस्ताद पायरीवर बसून जोड्यात पाय घालत होते. एक जोडा घालून झाला. दुसरा घालून झाला. काठी टेकून ते उठले…

"त्यांना सांग, बेटा, सरांचाही अंगठा जुळला नाही."