अंगणातली सतरंजी

वस्तूंना वाचा होती त्या काळी, एका गावच्या वाचनालयात सकाळचं वर्तमानपत्र संध्याकाळपर्यंत घडीतच राहिलं. कोपऱ्यातल्या सतरंजीनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग दाराचं कुलूप म्हणालं, "कुणी येत नसेल, तर रविवारपासून मी कायमचंच लागेन."

"आम्हाला कसर खाईल!" पुस्तकं कपाटात रडू लागली.

सतरंजी भीत भीत म्हणाली, "मी अंगणात पसरते. एखाद्या पुस्तकानं मोठ्यानं गोष्ट सांगावी. खर्च काहीच नाही."

"शांतता राखा!" भिंतीवरची पाटी खेकसली. सतरंजी दचकली.

कपाट हसलं. "बाई, तू बाहेर निघतेस ती शोकसभेलाच. लोक विचारतील, कोण गेलं?"

तरी शनिवारी ती गडगडत उंबरा ओलांडून अंगणात पसरली. गोष्टींचं एक जुनं पुस्तक तेवढं सोबत आलं.

"या हो, गोष्ट ऐकायला या!"

छत्री थांबली, "कोण गेलं?" विचारून निघून गेली. कंदील घाईत होता. ऊन उतरलं. पुस्तकाचं पहिलं पान वाऱ्यावर नुसतं फडफडत होतं. सतरंजीला वाटलं, कपाटच खरं बोललं. या बिचाऱ्याला आपण त्याच्याच शोकसभेला आणलं.

तिनं शेवटची हाक मारली. आवाज पार चिरकला.

शेजारच्या ओट्यावरून सुपली म्हणाली, "अगं, कधीची ऐकतेय! पण तांदूळ निवडायचेत. ते घेऊनच आले तर चालेल का? रिकामी कधी नसते गं मी, कान मात्र मोकळेच असतात."