बापूसाहेबांची बैठक

पाटणच्या वृंदावहिनींना एकच ध्यास होता: सायकल मारत घाट उतरायचा आणि गुहागरला आईच्या दारात जाऊन घंटी वाजवायची. हौस दांडगी, पाय दणकट, पण सायकलची सीट अरुंद नि टणक. दर खेपेला घाटमाथा येईतो बसणं अशक्य व्हायचं. मग खालच्या कोकणाकडे डोळे भरून बघायचं आणि सायकल एसटीच्या टपावर टाकून माघारी फिरायचं.

सायकल मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब सभासदांसाठी पुण्याहून सामान मागवत. वहिनींनी बायकांसाठीची रुंद सीट मागितली, तर ते गरजले, "सीट ती सीट! बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी, ही नसती थेरं. सवय करा."

पुढच्या बैठकीला अध्यक्षांच्या गादीच्या खुर्चीजागी टपरीवरचं वीतभर स्टूल होतं. भाषण काही रंगेना. बापूसाहेब एकदा या अंगाला कलले, एकदा त्या अंगाला, आणि शेवटी कळवळून उठले. "माझी खुर्ची कुठाय?"

"खुर्ची ती खुर्ची, बापूसाहेब!" वहिनी म्हणाल्या. "अध्यक्षांची वेगळी, टपरीची वेगळी, ही नसती थेरं. सवय करा. तुमची बैठक तर तासाभराची. माझी गुहागरपर्यंत आहे."

हशा असा पिकला, की बापूसाहेबांनी तिथूनच पुण्याला फोन लावला.

नवी सीट बसवल्यावर वहिनी निघाल्या, त्या घाटमाथ्यावर थांबल्याच नाहीत. दारात घंटी वाजली तशी आई ओले हात पुसत बाहेर आली.

"अगं बाई! बसनं आलीस?"

"नाही गं आई," वहिनींनी नव्या सीटवर थाप मारली. "बसून आले."