कातळावर न गेलेली गाय

“शेवटच्या दोन दिवसांत काय काय दिलंस हिला?”

डोंगरावरच्या मठातले भुजंगबाबा मेलेल्या ढवळीच्या शिंगावर हात ठेवून बसले होते. म्हातारी गाय गेली की तिला मागच्या कातळावर नेऊन गिधाडांच्या स्वाधीन करायचं, ही मठाची रीत. नेण्याआधी हा प्रश्न विचारायचा, हीही रीतच.

“कोवळा चारा. गुळाचं पाणी,” केरबा म्हणाला.

बारा वर्षं गोठा त्याच्याकडे होता. आपल्या हातून जनावर कधी तडफडून मेलं नाही, हा त्याचा ताठा, आणि तो खोटाही नव्हता.

“आणखी?”

केरबा ढवळीच्या पाठीवरच्या माश्या हाकलू लागला.

वर गिधाडं घिरट्या घालू लागली होती. एके काळी त्यांनी आभाळ भरून जायचं; आता नऊ उरली होती.

काही नाही म्हटलं की सुटलो, असं केरबाच्या मनात येऊन गेलं. पण बाबांसमोर जीभ रेटेना.

“दुखण्याचं इंजेक्शन दिलं, बाबा. तीनदा. सारखी कण्हत होती... मला बघवेना.”

ते औषध गाईला आराम देतं आणि तिच्या मांसात मागे राहतं. ते मांस खाल्लेलं गिधाड चार दिवसांत मान टाकतं. म्हणून तर मठात त्याला मज्जाव होता. केरबाला हे सगळं पाठ होतं. पण त्या वेळी त्याला फक्त ढवळीचे डोळे दिसत होते.

आता बाबा गोठा काढून घेणार, असं त्याला वाटलं.

बाबा उठले, कुदळ घेऊन आले आणि ऐंशीच्या वयात खणू लागले.

केरबाने धावत जाऊन ती त्यांच्या हातून काढून घेतली.

पुरुषभर खड्डा व्हायला दुपार उलटली. मठातल्या चौघांनी ढवळीला आत उतरवलं. माती लोटताना केरबा लहान मुलासारखा रडला.

गिधाडं थोडा वेळ रिकाम्या कातळावर बसली, मग उपाशीच दरीपलीकडे निघून गेली.

बाबांनी केरबाचे फोड आलेले तळहात मांडीवर घेतले आणि त्यांना लोणी लावू लागले.

“बाबा... माझी दया चुकली का?”

बाबांचं बोट एका फोडावरून हलकेच फिरत राहिलं...

“नाही रे बाळा. ढवळीपाशीच थांबली.”