मधल्या टेकडीचा नगारा

फार पूर्वी, डोंगराळ मुलखात एक राजा राज्य करत होता. डोंगरमाथ्यावर मोठा तलाव आणि पार खाली, नदीकाठी, त्याचं नगर. मध्ये एकामागून एक तीन टेकड्या. तलावाचा बांध खचू लागला तर नगराला कळावं म्हणून प्रत्येक टेकडीवर एक नगारा होता. रीत साधी होती. शेजारच्या टेकडीचा नगारा ऐकू आला, की आपला वाजवायचा.

राजाच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं. नदीकाठच्या मैदानात मांडव पडला. वरातीला एक नगारा कमी पडत होता.

"मधल्या टेकडीवरचा आणा," राजा म्हणाला. "पहिला धोका सांगतो, शेवटचा नगराला उठवतो. मधला नुसती री ओढतो!"

प्रधान काही बोलणार होता, पण राजा तोवर आचाऱ्यांकडे वळला होता. बापाचं मन, लग्नाची धांदल. त्याला तरी काय बोल लावायचा? मधल्या टेकडीवर एक म्हातारी नगारा वाजवत असे. तिला कोणी विचारलंही नाही.

वधूपित्यानं मुहूर्ताआधी तलावाची ओटी भरायची, असा त्या घराण्याचा रिवाज होता. लग्नाच्या दिवशी सकाळी राजा वर गेला, तर बांधाला भेग पडलेली आणि पाणी उसळ्या मारत असलेलं.

"वाजवा!" राजा ओरडला. पहिला नगारा धडधडला. राजानं सुटकेचा निःश्वास टाकला. "चला, कळलं त्यांना."

"कुणाला, महाराज?" प्रधान हळूच म्हणाला. "मधला नगारा तर मांडवात आहे."

राजानं खाली मांडवाच्या दिशेनं पाहिलं. लेक हळदीच्या अंगानं तिथे नदीकाठी बसली होती आणि आपला हुकूम पहिल्या टेकडीच्या पायथ्याशीच विरून गेला होता. त्यानं घोड्यावर उडी घेतली.

मधल्या टेकडीवर म्हातारी लाकडाच्या दांडक्यानं पितळी परात बडवत होती. हात सोलवटले होते.

"आजी, तुमचा नगारा तर मी नेला. मग हे कोणी सांगितलं?"

"वरच्या नगाऱ्यानं सांगितलं. पुढं सांगायला नको का? खालच्या टेकडीला तुम्ही ऐकू येत नाही, महाराज. तिला फक्त मी ऐकू येते."

"मग तिचा नगारा का वाजत नाही?"

"परातीचा आवाज केवढासा! पोचायला हवा. आणि तो त्याच्या चालीनंच जाणार, राजाला कितीही घाई असली तरी."

राजानं पाठीवरची ढाल काढली आणि तलवारीच्या मुठीनं बडवू लागला. राजा आणि म्हातारी, दोघं शेजारी उभी राहून बडवत होती. राजाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

अखेर खालून आवाज आला. धडाड्‌धूम! शेवटचा नगारा वाजला.

मांडव वाहून गेला. पंगतीचं अन्न, वरातीचे घोडे, सगळं गेलं. माणसं मात्र एकूणएक टेकडीवर चढली. संध्याकाळी तिथेच, उघड्या माळावर, लग्न लागलं. मुलीला मामा नव्हता; त्याच्या जागी कोणाला उभं करायचं, असं भटजींनी विचारलं, तेव्हा राजानं म्हातारीचा सोलवटलेला हात धरून तिला पुढे आणलं.

तात्पर्य: आपला शब्द कितीही मोठा असो, तो शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे असाच पोचतो, मधल्याला बिनकामाचा समजणाऱ्याचं बोलणं त्याच्या अंगणातच राहतं.