पळीची चिंचपेटी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा कळसवाडीला यायला नुसती पायवाट होती, आणि पाहुणा आल्याचं कुत्री आधी सांगायची. त्या गावात भिवरा नावाची तांबटीण राहायची. नवरा भांडी घडवायचा, ही भाता ओढायची. नवरा गेला, तसा हातोडा हिनं उचलला. विधवा बाई हातोडा चालवते म्हणून गावानं नाकं मुरडली, आणि घरात लेकीचं लग्न ठरलं की तेच गाव तिच्या दारात येऊन उभं राहायचं.

कारण भिवरा मोडीतून दागिने करायची. मोड म्हणजे फुटकं, चेपलेलं, कामातून गेलेलं भांडं. गळक्या तांब्याच्या पाटल्या, तुटक्या झाऱ्याच्या बुगड्या. चिंच आणि राख लावून अशा घासायची की सोनाराचेही डोळे फसावेत. असं म्हणतात, तिच्या हातोड्याखाली भांडं आपणहून सांगायचं, मला काय व्हायचंय. तिचे दागिने घालून गरिबाच्या किती पोरी उजवल्या गेल्या. मांडवात मात्र तिला कुणी कधी पुढे बोलावलं नाही.

तिला एकच लेक, येसू. दहिवडच्या भरल्या घरातून येसूला मागणी आली. भिवरानं आपल्या मांडणीवरची भांडी एकेक करून खाली उतरवली. ती मोड नव्हती, धड भांडी होती. मोड परक्यांच्या लेकींना, आपल्या लेकीला धड. परात तोडून पाटल्या केल्या, लामणदिव्याच्या साखळीचे कानातले वेल केले, आणि आमटीच्या पळीची केली गळ्याला घट्ट बसणारी चिंचपेटी. येसूला रिकामी होत चाललेली मांडणी दिसली नाही. ती आरशात बघत होती.

"कुणी इचारलं तर पितळ हाय म्हून सांग," भिवरा म्हणाली. "पितळ झाकून ठेवलं की कळकतं, बाये."

मांडवात सासू गोदाक्कानं चिंचपेटी बोटांनी चाचपली. "सोनं कुठलं गं?"

"नगरच्या पेठेतलं," येसू म्हणाली.

खांबाआड उभी असलेली भिवरा ऐकत होती. येसूनं तिकडे पाहिलं नाही, पण तिचे कान जे तापले ते वरात निघेपर्यंत निवले नाहीत.

वैशाख आला, अंगाला घामाच्या धारा लागल्या, आणि येसूच्या गळ्याभोवती हिरवी रेघ उमटली. तिनं चिंचेनं घासली, राखेनं घासली, पदराखाली झाकली. रेघ गडदच होत गेली. विहिरीवर जावा हसल्या, "येसूबाई, तुमच्या सोन्याला शेवाळ धरलं की." गोदाक्कानं तिला अंगणात उभं केलं. येसूची जीभ टाळ्याला चिकटली, आणि सुटली ती भलतीकडेच.

"आईनं फसवलं मला. सोनं म्हून दिलं."

भिवराला बोलावणं गेलं. ती अनवाणी आली. तिनं लेकीच्या गळ्यावरची रेघ पाहिली, मग मान खाली घातली. "व्हय. म्याच फसवलं. पोरीला ठावं नव्हतं." दागिने पदरात घेतले आणि ती निघाली. "आई खोटं बोलतीया," एवढं येसू म्हणाली असती तरी पुरलं असतं. ती जोत्यावर बसून पायाच्या नखानं माती उकरत राहिली.

असं म्हणतात, कळसवाडीच्या शिवेपर्यंत पोचता पोचता ते ओझं इतकं जड झालं की भिवराचं पाऊल उचलेना. पितळ होतं तेवढंच होतं. वरून लेकीचं खोटं पडलं होतं. ती तिथंच टेकली. पुन्हा कुणी तिला पाहिलं नाही.

आई घरी पोचलीच नाही हे कळलं तशी येसू माहेरी धावली. चूल थंड होती. मांडणी उघडी पडलेली, लामणदिव्याचा आकडा नुसताच लोंबत होता. चुलीवर एक मातीचं बोळकं, आणि आमटी ढवळायला त्यात बाभळीची काटकी. येसूनं ती काटकी हातात घेतली. आपण गळ्यात काय घालून मिरवलं ते तिला तेव्हा कळलं.

आश्विनात शिवेवर खुळखुळ्याची झाडं उगवली. पिवळीधमक फुलं, आणि वाऱ्यानं पैंजणासारख्या वाजणाऱ्या शेंगा. मोडीला मोड आला, म्हातारी माणसं म्हणाली. येसूनं तिथली माती हातांनी उकरली. दागिने निघाले. लखलखीत, एक डाग नाही. डाग सगळा तिच्या गळ्यावर होता.

ती चिंचपेटी घालून येसू दहिवडला हळदीकुंकवात भर बायकांमध्ये उभी राहिली. "हे सोनं न्हाई. माझ्या आईची पळी हाय. तिनं कुणाला फसवलं न्हाई, म्या फसवलं."

"बरं बाई, आत्ता आठवलं," कुणीतरी म्हणालं. तेही तिनं ऐकून घेतलं. आता रेघ जाईल असं तिला वाटलं होतं. गेली नाही. येसू म्हातारी होऊन सरणावर चढली तेव्हाही ती गळ्यावर होती, असं म्हणतात.

आजही कळसवाडीची लेक उजवताना आई आपल्या घरातलं एक भांडं मोडते आणि त्याचा एक तरी मणी नवरीच्या गळ्यात घालते. खुळखुळ्याचा पाला चुरडून तिच्या गळ्यावर हिरवी रेघ ओढते. आई विधवा असली तरी तीच ओढते, मांडवात सगळ्यांच्या पुढे उभी राहून. ज्याला खपत नाही त्यानं जेवून चालू लागावं. मग सासू विचारते, "सोनं कुठलं गं?" मोडलेलं भांडं कुठलंही असो, उत्तर एकच.

"सोनं न्हाई. माझ्या आईची पळी."

आवाज बारीक आला तर भटजी मंगलाष्टकं सुरू करत नाही. नवरीला परत म्हणायला लावतात. शिवेपर्यंत ऐकू जायला हवं.